फुरसतीतला घाम



व्यायाम चांगला, हे सांगायला व्याख्यानाची गरज नाही. शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून आपण ते ऐकत आलो आहोत. आज मला मांडायचा आहे तो मुद्दा याहून नेमका आहे. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, नोकरी किंवा कामधंदा ऐन भरात असताना, माणूस कामाचे तास संपल्यावर स्वतःच्या वेळात जो व्यायाम करतो, त्याचा पुढच्या दहा-वीस वर्षांतल्या आरोग्याशी काय संबंध असतो? या प्रश्नावर गेल्या सत्तर वर्षांत भरपूर पुरावा जमा झाला आहे. तो शांतपणे वाचला की माझ्या मते तीन गोष्टी ठळकपणे दिसतात. व्यायाम आज चालू असावा लागतो, पूर्वीची पुण्याई चालत नाही. तो श्वास वाढेल इतका जोरकस असावा लागतो. आणि त्याच्या मागेपुढे विश्रांती असावी लागते. या तिन्ही अटी फुरसतीशिवाय पुऱ्या होत नाहीत. म्हणून काम करणाऱ्या माणसाची फुरसत हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

या पुराव्याची सुरुवात झाली लंडनच्या रस्त्यांवर. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराने मोठ्या संख्येने दगावू लागले होते आणि त्याचे कारण कोणाला नीट उमगत नव्हते. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या परिवहन सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुंबईकरांना दुमजली बसचा जिना समजावून सांगायला नको. ड्रायव्हर पाळीचा बहुतेक सगळा वेळ बसून असे. कंडक्टर तिकिटे देत दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. गाडी तीच, रस्ता तोच, समाजातला थरही साधारण तोच. तरीही कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, होत असे तोही उशिरा, आणि त्यात तडकाफडकी मृत्यू येण्याचे प्रमाणही कमी होते. पायी किंवा सायकलवरून टपाल वाटणारे पोस्टमन आणि टपाल खात्यातच बसून काम करणारे कारकून व टेलिफोन ऑपरेटर यांची तुलना केली तेव्हाही चित्र त्याच दिशेचे होते.

यावर पहिली शंका तुमच्या मनात आली असेल तीच त्या काळच्या जाणकारांच्याही मनात आली: मुळातच स्थूल माणसे ड्रायव्हरची नोकरी पत्करत असतील तर? मॉरिस यांनी ही शंका झटकून टाकली नाही, तिचा माग काढला. परिवहन सेवा कर्मचाऱ्यांना गणवेश देई आणि कोणाला कोणत्या मापाची पँट दिली याची नोंद ठेवी. त्या मापांवरून १९५६ साली त्यांनी निबंध लिहिला. शंकेत तथ्य होते. ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर खरोखरच जास्त होता, आणि तो नोकरीला लागतानापासूनच. पण सारख्याच घेराचे ड्रायव्हर आणि कंडक्टर शेजारी ठेवले, तरी कंडक्टरांकडचे पारडे जड राहिले. सडपातळ असोत की पोट सुटलेले, जिना चढणाऱ्यांना धोका कमीच होता. आरोग्यशास्त्रात पुरावा कसा तावूनसुलाखून घ्यावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

मॉरिस यांच्या पुढच्या कामाचा रोख फुरसतीकडे वळला. यंत्रे येत होती, अंगमेहनतीची कामे कमी होत होती, आणि बहुसंख्य माणसे खुर्चीत बसून पोट भरणार हे दिसत होते. मग ज्यांचे काम सारखेच बैठे आहे, अशांच्या मोकळ्या वेळात काय फरक असतो, हे पाहायला हवे. १९६८ ते १९७० या काळात ब्रिटनच्या सरकारी नोकरीतल्या चाळीस ते चौसष्ट वर्षांच्या हजारो अधिकाऱ्यांना सोमवारी सकाळी एक तक्ता भरायला दिला गेला. नुकत्याच सरलेल्या शुक्रवारी आणि शनिवारी कामाबाहेरच्या वेळात काय काय केले, याचा बारीक हिशेब त्यात मांडायचा होता: बागेत किती खणले, पोहायला गेलात का, सायकल किती चालवली, नुसता फेरफटका मारला की झपाझप चाललात. त्यांपैकी १६,८८२ जणांवरचा पहिला निबंध १९७३ साली आला. तोवर २३२ जणांना हृदयविकाराने गाठले होते. त्यांच्यापैकी ११ टक्क्यांनीच जोरकस व्यायामाची नोंद केली होती. त्यांच्याशी जुळणाऱ्या निरोगी सहकाऱ्यांत हेच प्रमाण २६ टक्के होते. साडेआठ वर्षांचा पाठपुरावा १९८० साली प्रसिद्ध झाला तेव्हाही, जोरकस खेळ-व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहून कमी भरले.

१९७६ पासून याच नोकरीतल्या नव्या ९,३७६ पुरुषांवर पुन्हा अभ्यास झाला आणि १९९० साली त्याचे निष्कर्ष आले. त्यांतला एक मला फार महत्त्वाचा वाटतो. तरुणपणी मैदान गाजवलेल्या पण पुढे खेळ सोडून दिलेल्या माणसांना कोणतेही संरक्षण मिळालेले दिसले नाही. अमेरिकेत राल्फ पाफेनबार्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षे माहिती ठेवली. तिथेही विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्यांना फायदा टिकला तो नंतरही अंग हलते ठेवले तरच. आणि कॉलेजात कधी न खेळलेल्या पण पुढे नियमित व्यायामाला लागलेल्या माणसांनी तो तितकाच मिळवला. 'कॉलेजात असताना कबड्डी खेळायचो' या आठवणीवर पन्नाशीतले हृदय चालत नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू मोठी दिलासा देणारी आहे: ज्याने आजवर काही केले नाही, त्याचीही वेळ गेलेली नाही.

हे सगळे पुरुषांचे झाले, बायकांचे काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. अमेरिकेतल्या चाळीस ते पासष्ट वयाच्या ७२,४८८ परिचारिकांवरचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन तास किंवा त्याहून अधिक भरभर चालणाऱ्या स्त्रियांना हृदयविकाराचा धोका बैठ्या स्त्रियांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी होता. आधी बैठ्या असलेल्या पण मध्यमवयात किंवा त्यानंतर हालचाल वाढवलेल्या स्त्रियांचाही धोका घटला होता. म्हणजे 'जोरकस' याचा अर्थ जिममध्ये वजने उचलणेच, असे मुळीच नाही. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालणे बहुतेकांच्या आवाक्यातले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारसही तीच दिशा दाखवते: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम, आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे वळू. मुळात धडधाकट असतात तीच माणसे व्यायाम करतात. ज्याला आतून आजार पोखरत असतो तो खुर्ची सोडत नाही. मग व्यायामामुळे आरोग्य लाभते की आरोग्यामुळे व्यायाम घडतो? केवळ निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांतून ही शंका पुरती फिटणे कठीण आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने गट पाडून केलेले प्रयोगही नेहमी मनाजोगता कौल देत नाहीत. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात सत्तर ते सत्त्याहत्तर वर्षांच्या १,५६७ जणांवर पाच वर्षे असा प्रयोग झाला. २०२० साली त्याचा निकाल लागला तेव्हा देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांत आणि तुलनेसाठी ठेवलेल्या गटात मृत्यूच्या प्रमाणात स्पष्ट फरक आढळला नाही. मात्र तो तुलनेचा गटही देशाच्या व्यायामविषयक शिफारशी पाळत होता आणि चांगलाच हालता होता, हे लक्षात घ्यायला हवे. शिवाय ती माणसे सत्तरी ओलांडलेली होती. मध्यमवयाबद्दल आपल्या जवळचा दाखला आहे तो भारतीय मधुमेह प्रतिबंध प्रयोगाचा. चेन्नईत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात घेतलेली ५३१ माणसे नोकरीच्या ठिकाणांहूनच निवडली होती, त्यांचे सरासरी वय सेहेचाळीसच्या आसपास होते, आणि मधुमेह त्यांच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला होता. ज्यांना काहीच वेगळे सांगितले नव्हते त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज भरभर चालणे आणि आहारातले बदल नेमून दिले होते त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्क्यांवर राहिले. आहार आणि व्यायाम एकत्र असल्याने श्रेय कोणाला किती, हे वेगळे काढता येत नाही. पण गट चिठ्ठीने पडले होते, त्यामुळे 'धडधाकटांनीच व्यायाम निवडला' हा आक्षेप इथे लागू पडत नाही. मी यातून काढतो तो निष्कर्ष मर्यादित आहे: निम्म्याने धोका कमी होतो हा आकडा कदाचित वाढीव असेल, पण फायद्याची दिशा निःसंशय आहे.

दुसरा आक्षेप कष्टकरी माणसाचा: 'आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम सांगता?' वरवर पाहता मॉरिस यांचा कंडक्टर त्याच्या बाजूने साक्ष देतो. पण कोपनहेगनच्या १,०४,०४६ रहिवाशांवरचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात याच्या उलट चित्र दिसले. फुरसतीत जास्त हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी होता. कामावर जास्त अंगमेहनत करणाऱ्यांना तो जास्त होता. धूम्रपान, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला. संशोधक याची जी स्पष्टीकरणे देतात ती पटण्यासारखी आहेत. व्यायामात हृदयाची गती थोडा वेळ वाढते आणि मग उतरते. त्या चढउतारातूनच शरीर कणखर होते. ओझी वाहताना रक्तदाब तासन्तास चढलेला राहतो, स्नायू एकाच ताणात अडकतात, आणि थांबायचे केव्हा हे कामगाराच्या हाती नसते. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी शरीराची झीज भरून निघत नाही. कंडक्टरचे काम मात्र जिना चढणे, थांबणे, पुन्हा चढणे असे होते, म्हणजे व्यायामाच्या जवळचे. त्यामुळे दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. बाजार समितीत पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगाराला 'तुमचा व्यायाम आपोआप होतो' असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला आधी विश्रांती हवी, ओझ्याचे वजन कमी व्हायला हवे, आणि मग स्वतःच्या मर्जीने अंग हलवायला वेळ हवा.

तिसरा आक्षेप भीतीतून येतो. कोणी धावताना कोसळल्याची बातमी येते आणि घरातली माणसे म्हणतात, या वयात नको ते उद्योग कशाला? भीती निराधार नाही. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एरवी अंग न हलवणाऱ्या माणसाने एकदम जोराचे श्रम केले, तर त्या सुमारास हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता एरवीच्या १०७ पट होते. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा असे श्रम करणाऱ्यांत ती वाढ फक्त २.४ पट होती. म्हणजे धोका सवय नसताना एकाएकी केलेल्या अतिश्रमांत आहे. वर्षभर बसून राहायचे आणि एका रविवारी गड चढायला निघायचे, हे टाळायला हवे. हळूहळू वाढवत नेलेला नियमित व्यायाम त्या धोक्यापासून बचाव करतो. छातीत दुखत असेल, आधीचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

इतका पुरावा असून आपण कुठे आहोत? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा पहिला टप्पा महाराष्ट्रासह तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगडमध्ये झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५४.४ टक्के लोक पुरेशी हालचाल करत नव्हते, आणि फुरसतीत काही व्यायाम किंवा खेळ करणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. यावर 'लोक आळशी आहेत' असा शेरा मारून मोकळे होता येणार नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे. जी स्त्री नोकरीही करते आणि स्वयंपाकघरही सांभाळते, तिला तीस मिनिटे चाला असा सल्ला देणे सोपे आहे. ती तीस मिनिटे तिच्या दिवसात कुठून यावीत, याचे उत्तर घरातल्या इतरांनी द्यायचे आहे. लोकलने कर्जत-कसाऱ्याहून मुंबईला येणाऱ्या नोकरदाराचे रोजचे चार-पाच तास प्रवासात जातात. त्याचे उत्तर शहराच्या नियोजनात आहे.

म्हणून माझे मागणे दोन पातळ्यांवरचे आहे. ज्यांच्या हाती वेळ आहे त्यांनी आठवड्याचे दीडशे मिनिटांचे गणित आजपासून पाळावे, आणि घरातल्या बाईलाही ती दीडशे मिनिटे मिळतील अशी कामाची वाटणी करावी. पण केवळ व्यक्तीच्या निश्चयावर हा प्रश्न सुटणार नाही. ब्रिटनच्या ज्या सरकारी नोकरांकडून आपण हे शिकलो, त्यांच्याकडे मोकळे शनिवार-रविवार होते, पोहण्याचे तलाव होते, सायकल चालवता येईल असे रस्ते होते. आपल्या नगरपालिकांनी मैदाने बांधकामांपासून वाचवावीत, पदपथ चालण्याजोगे ठेवावेत, शाळांची पटांगणे पहाटे आणि संध्याकाळी वस्तीला खुली करावीत. मालकांनी कामाचे तास कायद्याच्या मर्यादेत ठेवावेत, आणि कामगार संघटनांनी पगाराच्या बोलणीत मोकळ्या वेळाची मागणी तितक्याच आग्रहाने लावून धरावी. मधुमेह आणि हृदयविकार यांवरच्या औषधपाण्याचा, शस्त्रक्रियांचा खर्च आपण कर्ज काढून करतो. हे आजार लांबवण्याचा एक खात्रीचा मार्ग ठाऊक असताना तो मूठभर सुखवस्तू लोकांपुरता राहू देणे हे आपल्याला न शोभणारे आहे. मध्यमवयातल्या प्रत्येक काम करणाऱ्या माणसाला स्वतःच्या शरीरासाठी रोज अर्धा तास मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो मिळवून देणे ही आपली सामूहिक जबाबदारी आहे.