चंद्रावरील छायाचित्रे आणि गावची शाळा

दि. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी ‘चांद्रयान-३’मधील ‘विक्रम’ हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात सुखरूप उतरले. त्याच दिवशी तेथील पहिले छायाचित्र प्रसिद्ध झाले. करडी, धुळकट जमीन, यानाचा एक पाय आणि त्याची सावली, एवढेच त्यात होते. पुढे ‘प्रज्ञान’ ही सहाचाकी गाडी उतरणीवरून खाली येतानाची दृश्ये आली आणि देशभर आनंदाला उधाण आले. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘चांद्रयान-२’चे यान उतरताना कोसळले होते. त्या अपयशाची आठवण ताजी असल्याने हा आनंद द्विगुणित झाला.

इंदापूर तालुक्याला तर या आनंदाचे आणखी एक कारण होते. यानास अवकाशात नेणाऱ्या प्रक्षेपकाच्या दोन महाकाय घन-इंधन बूस्टरांचे भाग याच तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने घडविले आहेत. तेव्हा वरकुट्याच्या मुलाने ‘यात आमच्या तालुक्याचेही हात आहेत’ असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

तथापि अभिमान हा शिक्षणाचा प्रारंभ होय, शेवट नव्हे. ही छायाचित्रे केवळ कौतुकासाठी घेतलेली नव्हती; ते गाडीचे डोळे होते. प्रज्ञानच्या पुढील बाजूस असलेल्या दोन कॅमेऱ्यांची चित्रे विक्रममार्फत पृथ्वीवर येत. त्यांवरून जमिनीचा चढउतार ठरविला जाई आणि मगच पुढील मार्गाची आज्ञा दिली जाई. दि. २७ ऑगस्ट रोजी ४ मीटर व्यासाचे एक विवर गाडीपुढे अवघ्या ३ मीटरांवर दिसले. गाडीस आल्या वाटेने परत फिरविण्यात आले व नवा मार्ग आखण्यात आला. चित्र नीट वाचले गेले, म्हणून गाडी वाचली.

असे वाचन गावच्या शाळेतही शिकविता येते. भर दिवसा चंद्रावरील आकाश काळे का? तेथे प्रकाश विखुरणारे वातावरण नाही म्हणून. यानावरील तापमापकाने पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५० अंश सेल्सिअस, तर केवळ ८ सेंटिमीटर खोलीवर उणे १० अंशांच्या आसपास नोंदविले. एवढा फरक का? चंद्रावरील सैल, निर्वात धूळ उष्णता फारशी खाली जाऊ देत नाही. उसाच्या पाचटाचे आच्छादन घालणाऱ्या शेतकऱ्यास यातील तत्त्व परके नाही. विद्यार्थ्यांनी दुपारी उघड्या रानातील व आच्छादनाखालील मातीचे तापमान मोजून पाहिले, तर चंद्रावरचा प्रयोग वरकुट्याच्या शिवारात समजेल. त्यासाठी एक तापमापक, एक मोजपट्टी आणि नोंदवही पुरेशी आहे.

२३ ऑगस्ट हा आता ‘राष्ट्रीय अंतराळ दिन’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी प्रभातफेरी व घोषणा अवश्य व्हाव्यात. परंतु ग्रामपंचायतीने शाळेस ही साधने द्यावीत आणि शिक्षकांनी दरवर्षी मुलांकडून तेच मोजमाप करवून त्याची नोंद ठेवावी. प्रज्ञानचे काम चंद्रावरील एका दिवसात, म्हणजे पृथ्वीवरील चौदा दिवसांच्या आतच आटोपले. गावातील उत्साहही तेवढ्याच काळात ओसरला, तर लाभ थोडाच. नोंदवहीचे पान मात्र दरवर्षी वाढत राहील, आणि त्यातूनच चित्र पाहून प्रश्न विचारणारी पिढी घडेल.