पोथीतला नाच आणि हातातला ठेका



सातआठशे वर्षांपूर्वी लोक ज्या संगीतावर नाचत, ते संगीत आज पुन्हा वाजवता येईल काय, हा माझा आजचा विषय आहे. कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने या भानगडीत का पडावे, असे कोणाच्या मनात येईल. माझे उत्तर सरळ आहे. वाजवणे हे काम आहे आणि वाजवणारा हा कामकरी आहे. त्याच्या हातांचा विचार सोडून या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, असे माझे मत झाले आहे. तेच आपल्यापुढे मांडतो.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. या शहरापासून १५ किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. तेथे यादव राजा सिंघण याच्या कारकिर्दीत, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरातून दक्षिणेत आले. शार्ङ्गदेव स्वतः राजाच्या पदरी श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख होता. जमाखर्च पाहणाऱ्या या माणसाने सात अध्यायांत गाणे, वाजवणे आणि नाचणे यांची मांडणी केली. पाचवा अध्याय तालाचा, सहावा वाद्यांचा आणि सातवा नर्तनाचा. पुण्याच्या आनंदाश्रमाने हा ग्रंथ १८९६-९७ साली छापला. पुढे डॉ. ग. ह. तारळेकर यांनी तो मराठीत आणला, म्हणून माझ्यासारख्या संस्कृत न शिकलेल्या माणसाच्याही हाती तो लागला.

हिशेबनिसाची मोजदाद चोख आहे. उत्तम वृंदात मुख्य गायक ४, त्यांना साथ देणारे ८, गायिका १२, बासरीवाले ४ आणि मृदंगवाले ४ असावेत, असे तो सांगतो. एकूण ३२ माणसे झाली. मध्यम वृंद याच्या निम्मा. स्वर तो सारेगमच्या अक्षरांनी लिहितो. अक्षरावर टिंब असेल तर खालचे सप्तक, उभी रेघ असेल तर वरचे. पटहावर हात कसा पडावा आणि त्यातून कोणता बोल निघावा, हेही त्याने सोडलेले नाही.

मग अडले कोठे? अडले ते असे की अक्षरे उरली, पण त्या अक्षरांचा नेमका उच्चार ज्यांच्या गळ्यात व बोटांत होता ती माणसे गेली. पंडित भातखंडे १९०४ साली दक्षिणेच्या प्रवासात विद्वानांना रत्नाकरातील श्रुती आणि राग यांचा उलगडा विचारत फिरले. त्यांचे समाधान झाले नाही. ग्रंथ पाठ असलेला विद्वान भेटे, पण त्यातले राग गाऊन दाखवणारा भेटेना.

युरोपातही हेच घडले. ब्रुसेल्सच्या राजग्रंथालयात पंधराव्या शतकाच्या अखेरचे एक नाचाचे पुस्तक आहे. काळ्या रंगवलेल्या पानांवर सोन्याचांदीच्या शाईने ते लिहिले आहे, आणि ते मार्गारेट ऑफ ऑस्ट्रिया या राजकन्येच्या संग्रहात होते. त्यात ‘बास दान्स’ नावाच्या संथ नाचाच्या चाली आहेत. पण लिहिलेले किती? सारख्या लांबीच्या स्वरांची एक ओळ, आणि तिच्याखाली पावलांची आद्याक्षरे. बस्स. या एका ओळीवर सनईच्या कुळातील शॉम वाजवणारे आयत्या वेळी आपली कारागिरी उभी करीत. ती कारागिरी कोणी लिहून ठेवली नाही, कारण लिहिण्याची गरजच कोणाला वाटली नाही. वाजवणारे होतेच ना!

पुढे ते राहिले नाहीत. विसाव्या शतकात आर्नोल्ड डॉल्मेच यांनी जुनी वाद्ये पुन्हा घडवली. डेव्हिड मन्रो यांनी १९६७ साली लंडनमध्ये जुन्या संगीताचा ताफा उभारला आणि ते नाच लोकांना ऐकवले. हे मन्रो तरुणपणी पेरू देशात शिक्षक म्हणून गेले होते, आणि येताना तेथील लोकवाद्ये घेऊन आले होते. तुटलेला धागा जोडण्यासाठी ज्यांचे हात अजून चालत होते अशा खेडुतांच्या वाद्यांकडे त्यांना वळावे लागले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मोर्चात हलगी वाजवणाऱ्या एका वयस्क गृहस्थांना मी एकदा विचारले, ‘बाबा, चाल केव्हा वाढवायची हे कसे ठरवता?’ ते म्हणाले, ‘भाऊ, नाचणाऱ्याच्या पायाकडं बघायचं. पाय सांगतो.’ ब्रुसेल्सच्या त्या पुस्तकात स्वरांच्या ओळीखाली पावलांची अक्षरे का आहेत, हे मला त्या दिवशी उमगले. नाचाच्या संगीताची लय पायाच्या हाती असते.

शार्ङ्गदेवाच्या सातव्या अध्यायात पेरणी नावाचा नर्तक आहे. अंगाला भस्म, डोक्यावर शेंडी, पिंढऱ्यांना घुंगरू. त्याच अध्यायात गौंडली नावाचे नृत्य आहे. या गोंडलीविषयी वारंगळचा जायसेनापती १२५३-५४ च्या सुमारास सांगतो की कल्याणीच्या सोमेश्वर राजाने भिल्ल वेषातील स्त्रीचा नाच पाहिला, आणि त्यावरून हे नृत्य दरबारात आले. नावे जवळची वाटतात म्हणून हे नृत्य आणि आपला गोंधळ एकच, असे मी म्हणणार नाही. तेवढ्या पुराव्यावर कोर्टात दावाही टिकत नाही. पण दरबाराने नाच लोकांकडून उचलला, एवढे पोथीच कबूल करते.

त्या पोथीत राजांची नावे आहेत, गुरूंची आहेत. त्या ३२ माणसांपैकी एकाचेही नाव नाही. पॅरिसमध्ये १३२१ साली ३७ वादक-कलावंतांनी, त्यांत स्त्रियाही होत्या, आपल्या धंद्याचे नियम लिहून काढले. घेतलेले काम पुरे होण्याआधी दुसरीकडे जायचे नाही. आजारपण, तुरुंग अशी अडचण नसेल तर आपल्या जागी दुसरा पाठवायचा नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला हा कागद वाचून आनंद होणारच! तेथे वाजवणाऱ्यांची संघटना लेखी उभी राहिली.

आपल्या शहरात ‘महागामी’ ही संस्था शार्ङ्गदेवाच्या नावाने समारोह भरवते आणि ग्रंथातील नृत्याचा अभ्यास करते. हे मोठे काम आहे. पण ग्रंथ हा अर्धा पुरावा. उरलेला अर्धा संबळ, हलगी आणि सनई वाजवणाऱ्यांच्या हातांत आहे, आणि तो दर लग्नसराईत थोडा थोडा नाहीसा होत आहे. भिंतीएवढे कर्णे लावलेली गाडी आली की संबळवाल्याला ‘थोडे थांबा’ म्हणतात. रात्री ठरल्या पैशांतून कापून देतात. तक्रार करायला त्याच्याकडे ना हजेरीपत्रक, ना करार. मुलगा हे पाहतो आणि कारखान्याच्या दाराशी कंत्राटी कामाला उभा राहतो. त्याला दोष कोण देईल?

म्हणून माझी मागणी साधी आहे. गोंधळी बोलवाल तेव्हा मजुरी आधी ठरवा आणि कागदावर लिहा. पंगतीला त्यांना आपल्याबरोबर बसवा. खिशातल्या यंत्रावर त्यांचे वादन पुरते नोंदवा, नाचणाऱ्याच्या पायांसकट, आणि त्याखाली वाजवणाऱ्याचे नाव त्याला विचारून लिहा. शार्ङ्गदेवाच्या हिशेबात राहून गेलेली बाब ती एवढीच आहे.