वैऱ्याला वाचवणारा वैरी : ‘अर्धसत्य’ आणि ‘सत्या’

गुन्हेपटात एक प्रसंग हमखास येतो. वैरी तावडीत सापडलेला असतो. त्याला संपवणे सोपे असते, काहीच न करता त्याला बुडू देणे तर त्याहून सोपे. आणि नेमक्या त्या घडीला समोरचा त्याला वाचवतो. प्रेक्षक याला माणुसकी म्हणतो आणि मोकळा होतो. मुंबईच्या गुन्हेपटांत मात्र अशा सुटकेमागे माणुसकी थोडी आणि हिशेब फार असतो. तो हिशेब सर्वांत उघडपणे मांडला आहे गोविंद निहलानी यांच्या १९८३ च्या ‘अर्धसत्य’ने. चित्रपट हिंदी असला तरी त्याची नाळ मराठी आहे. कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि शीर्षकामागची कविता दिलीप चित्रे यांची.

सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर हा गावाकडच्या निवृत्त हवालदाराचा मुलगा. बापाच्या हट्टापायी तो खात्यात आला आहे. रामा शेट्टी हा शहरातला बडा गुंड त्याचा उघड शत्रू. शेट्टीचाच एक माणूस मारहाण करून, जाळून टाकलेल्या अवस्थेत वेलणकरला सापडतो. वेलणकर त्याला दवाखान्यात नेतो आणि त्याचा जबाब घेतो. इथे दयेला जागा आहे, पण मुख्य गरज पुराव्याची आहे. मरणाच्या दारातल्या माणसाने मृत्यूच्या कारणाविषयी दिलेला जबाब न्यायालयात ग्राह्य धरला जातो. पूर्वी ही तरतूद भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये होती, आता ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २६ मध्ये आहे. तो जबाब घेऊन वेलणकर शेट्टीला पकडायला जातो. शेट्टी जागचा हलत नाही. तो एक फोन लावतो आणि वेलणकरला रिकाम्या हाताने परतावे लागते.

वेलणकर स्वतःही अडचणीत येतो. ज्या गुंडांना त्याने कोठडीत डांबून बडवलेले असते, ते एका आमदाराच्या कामाचे निघतात आणि नोकरीवर गदा येते. वरिष्ठ अधिकारी हैदर अली हा देसाई नावाच्या मध्यस्थाला गाठतो, दिल्लीपर्यंत सूत्रे हलतात आणि प्रकरण दडपले जाते. धाराशिव, कळंब किंवा उमरग्याच्या प्रेक्षकाला देसाई कोण हे समजावून सांगावे लागत नाही. ‘वरून फोन आला’ एवढे म्हटले की तालुक्याच्या गावी पुढचे सगळे कळते. वेलणकरची नोकरी वाचते, पण आपण कायद्याने नव्हे तर ओळखीने वाचलो ही सल त्याच्या मनातून जात नाही. पराक्रमाचे श्रेय दुसऱ्याला मिळते, दारू वाढते आणि एका रात्री रेडिओ चोरल्याचा संशय असलेला एक किरकोळ चोर त्याच्या मारहाणीत कोठडीत मरतो.

आता त्याला वाचवू शकेल असा एकच माणूस उरतो, तो म्हणजे महापालिकेच्या राजकारणात उतरलेला रामा शेट्टी. वेलणकर त्याच्या दारी जातो. मदत करायला शेट्टी तयार होतो, फक्त वेलणकरने यापुढे त्याचा माणूस व्हावे.

शेट्टीला यात काय मिळते? निलंबित, खटल्यात अडकलेला वेलणकर त्याच्या दृष्टीने आधीच संपलेला आहे. त्याला बुडू दिल्याने शेट्टीच्या पदरात काहीच पडत नाही. वाचवलेला वेलणकर मात्र मोलाचा. अंगावर वर्दी, प्रामाणिक म्हणून नाव आणि कोठडीतल्या मृत्यूचे प्रकरण कायमचे शेट्टीच्या मुठीत. पैसे खाणारा अधिकारी जास्त पैशाने फुटू शकतो; मिंधा झालेला अधिकारी कुठे जाणार? यात शेट्टीची हौसही फिटते. जो पकडायला आला होता, तोच याचक होऊन उभा आहे, हे दृश्य त्याला गोळीबारापेक्षा गोड वाटते. सदाशिव अमरापूरकरांनी हा शेट्टी आरडाओरडा न करता, जवळजवळ घरगुती सुरात उभा केला. त्यामुळे त्याची दया त्याच्या धमकीहून भयंकर वाटते. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

उपकाराचे ओझे न सोसणारा दुसरा प्रसिद्ध पोलीस व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’ (१८६२) या कादंबरीत आहे. ज्या कैद्याचा जाव्हेर वर्षानुवर्षे पाठलाग करतो, तोच व्हालजाँ त्याला जीवदान देतो. त्या उपकाराचा मेळ कायद्याशी घालता न आल्याने जाव्हेर नदीत उडी घेतो. पण व्हालजाँने मोबदला मागितला नव्हता. शेट्टी मागतो, म्हणून वेलणकर स्वतःला नव्हे, वाचवणाऱ्यालाच संपवतो. तो शेट्टीचा गळा आवळतो आणि नंतर हैदरसमोर जाऊन स्वतःला कायद्याच्या हवाली करतो.

राम गोपाल वर्मांच्या ‘सत्या’त (१९९८) व्यवहार वेगळा आहे. तुरुंगात भिकू म्हात्रे आणि सत्या यांची हाणामारी होते. भिकू टोळीचा म्होरक्या, तर सत्या शहरात नवखा, एकटा. तरीही तो मागे हटत नाही, आणि हीच गोष्ट भिकूच्या मनात भरते. भिकू त्याला सोडवतो आणि राहायला जागा देतो. हिशेब इथेही आहे, कारण टोळीला न डगमगणारा माणूस हवाच असतो. पण भिकू सत्याला झुकवत नाही, बरोबरीने वागवतो. म्हणून ही सुटका मैत्रीत बदलते. भाऊ नावाचा पुढारी भिकूला मारतो, तेव्हा गणेश विसर्जनाच्या गर्दीत सत्या भाऊला मारून ते ऋण फेडतो. भिकूच्या औदार्याचे प्रेक्षकांनी पुष्कळ कौतुक केले. त्या औदार्याची किंमत किती मुडद्यांनी मोजली हे चित्रपट लपवत नाही, प्रेक्षक विसरतात.

दोन्ही चित्रपटांत सुटका त्यालाच मिळते, ज्याचा वाचवणाऱ्याला पुढे उपयोग आहे. जळालेल्या गुंडाकडे जबाब आहे, सत्याकडे हिंमत आहे, वेलणकरकडे वर्दी आहे. ‘अर्धसत्य’मधल्या त्या रेडिओचोराकडे यातले काहीच नाही, आणि त्याला वाचवायला ना देसाई येतो, ना शेट्टी, ना ठाण्यातले दुसरे कोणी.