खाडीकाठची मुले आणि विज्ञान

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



समाजातील मुलांना विज्ञानाची गोडी कशी लागेल, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून एकच मुद्दा आपल्यापुढे ठेवतो. विज्ञानाचा आरंभ करण्यासाठी आपल्या मुलांनी दूर जावयास नको. तो आपल्या खाडीत, आपल्या मिठागरात आणि आपल्या वाडवडिलांच्या तोंडी हिशेबात होऊ शकतो. किंबहुना तेथेच व्हावयास हवा.

न्हावा आणि शेवा ही आपल्या गावांची नावे आज जगभरच्या जहाजांच्या कागदपत्रांत लिहिली जातात. २६ मे १९८९ रोजी येथे बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावा शेव्यास येणाऱ्या सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या सेतूचे उद्घाटन झाले. या वैभवाखाली आपली भातशेती गेली आणि मिठागरे बुजली. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात आपल्या पाच बांधवांनी प्राण दिले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. ते ऋण फिटणारे नव्हे. परंतु भूखंडाची वाटणी होत गेली की नातवाच्या हाती काय उरते, हे आपण घरोघरी पाहतो. विद्येची वाटणी केली तरी ती कमी होत नाही. पूर्वी अंगमेहनतीने होणारी कामे आज क्रेन करते, आणि क्रेनचे काम दिवसेंदिवस संगणकाच्या स्वाधीन होत आहे. अशा वेळी आपला मुलगा आणि आपली मुलगी यंत्राच्या बाहेर उभी राहणार की यंत्राचे अंतरंग जाणणार, हा आपल्यापुढील खरा प्रश्न आहे.

आता एक साधे उदाहरण घेऊ. भरतीची वेळ काढण्याची आपली जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीस तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीस सहा वाजता. घड्याळ विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसांनी हे गणित तोंडी सांभाळले. आता एखाद्या मुलाने विचारावे की, पौर्णिमेची तिथी पंधरावी. तिची पाऊणपट सव्वाअकरा. परंतु पौर्णिमेची भरती अमावास्येप्रमाणेच बाराच्या सुमारास येते. मग पाऊण तास कोठे गेला? याचे उत्तर कागद-पेन्सिलीने सापडते. पंधरा तिथींत भरतीची वेळ १२ तासांनी पुढे सरकते, म्हणजे एका तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊणपटीत आपण ४५ मिनिटे धरतो. तिथीमागे ३ मिनिटे राहून गेली, तर पंधरा तिथींत ४५ मिनिटे राहतात. वाडवडिलांनी तोंडी हिशेबास सोपा असा आकडा निवडला, एवढेच.

मुलांनी जेटीच्या खांबावर खुणा करून महिनाभर पाण्याची उंची आणि वेळ लिहून ठेवावी, उधाण आणि भांग यांतील अंतर मोजावे, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकांशी ते ताडून पाहावे. प्रत्यक्ष वेळ हिशेबाच्या मागेपुढे झालेली दिसेल. ती का झाली, हे शोधणे म्हणजेच विज्ञान. मात्र थोरांच्या सोबतीशिवाय मुलांनी पाण्याजवळ जाऊ नये. त्या निमित्ताने आजोबा आणि नातू एका कामास लागतील, हाही लाभच आहे.

दुसरे उदाहरण मिठाचे. आगरावरून ज्यांस आगरी हे नाव मिळाले, त्यांच्या मुलांना मिठाचे रसायन पुस्तकात परके वाटावे, हे नवल नव्हे काय? एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीच्या पाण्यात ते ऋतूप्रमाणे बदलतात; पावसाळ्यात घटतात, वैशाखात वाढतात. मुलांनी दर महिन्यास एक लिटर पाणी गाळून उन्हात आटवावे, उरलेले क्षार तोलावे आणि आकडे वहीत मांडावे. पाणी आटू लागले की आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम खाली बसतात, मग खाण्याचे मीठ, आणि शेवटी मॅग्नेशियमयुक्त कडू पाणी उरते. ते कडू पाणी वेळीच काढून टाकले नाही तर मीठ कडवट होते, हे मिठागरात काम केलेल्या प्रत्येक आजीस ठाऊक आहे. तिचे हे ज्ञान रसायनशास्त्रच होय. ते तिच्याबरोबर नाहीसे होण्यापूर्वी नातवंडांनी लिहून घ्यावे.

मोठ्या संशोधनाची स्थानेही आपल्यापासून दूर नाहीत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजणीत व्यत्यय येणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत १९०४ साली ते काम आपल्याच जिल्ह्यात अलिबागेस आणले गेले. त्या वेधशाळेची इमारत चुंबकास न ओढणाऱ्या सामग्रीने बांधली आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवीन पनवेलीत आहे. आपल्यापैकी किती जणांनी आपली मुले तेथवर नेली आहेत?

खाडीपलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत काम करून विज्ञानाच्या पुस्तकांची मराठी सोपी करून पाहिली. पुष्कळदा विषय अवघड नसतो, भाषा अवघड असते. घरात आगरी बोलणाऱ्या मुलास हे कोणी समजावून सांगावयास नको. म्हणून आमचे म्हणणे आहे की, प्रयोग करताना मुलास त्याच्या बोलीत विचारू द्यावे. ग्रांथिक शब्द मागाहून येतील.

मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ साली सुरू केलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेस सहावीची व नववीची मुले बसतात. तिच्यासाठी पालक शिकवणीचे मोठे शुल्क भरतात. परंतु लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असते. पाठांतर तेथे थिटे पडते. हाताने पाणी आटविलेले, डोळ्यांनी भरती मोजलेली मुले तेथे उभी राहतात. १९९३ पासून भरत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचाही मूळ हेतू हाच की, दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातील प्रश्न घेऊन आपल्या भाषेत मांडावा.

शेवटी तीन विनंत्या. पहिली : आपल्या गुणगौरव समारंभात टक्केवारीच्या पारितोषिकाइतकेच मोठे पारितोषिक परिसरातील प्रयोगास द्यावे, आणि त्यासाठी निवडलेल्या प्रत्येक गटात मुली असाव्यात. दुसरी : समाजमंदिराची एक खोली मुलांना द्यावी. तराजू, तापमापक, भिंग, काचेची भांडी आणि काही पुस्तके एवढ्या सामानास किती खर्च येईल? हळदीच्या एका रात्रीच्या वाजंत्रीस जो येतो, त्याहून तो खचित कमी असेल. तिसरी : बंदरात क्रेन चालविणारे, विजेचे काम जाणणारे, मचव्याचे इंजिन दुरुस्त करणारे आपले बांधव आणि अनुभवी तांडेल यांनी महिन्यातून एक रविवार त्या खोलीत मुलांसाठी द्यावा.

भूमी गेली, परंतु तिच्यावर राबताना मिळविलेले ज्ञान अजून वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. ते मुलांच्या हाती देऊन, त्यांनी ते तपासावे, मोजावे आणि पुढे न्यावे, अशी व्यवस्था करणे हे आपल्या संघटनेचे कर्तव्य आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांशेजारी मुलांनी मोजलेल्या भरतीचे एक कोष्टक छापलेले असावे, एवढी अपेक्षा व्यक्त करतो.