गावठी कुत्र्याची चपळाई

आपल्या गल्लीतला गावठी कुत्रा कुंपणावरून कशी झेप घेतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. या चपळाईचीही स्पर्धा असते. मालक सोबत धावत इशारे देतो. कुत्रा आडव्या दांड्यांवरून उड्या मारतो, बोगद्यातून निघतो, ओळीनं रोवलेल्या खांबांमधून नागमोडी पळतो. चूक नको आणि वेळ कमी हवा.

१९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात हा खेळ पहिल्यांदा दिसला. अमेरिकन केनेल क्लबनं मात्र आपल्या स्पर्धा मिश्र जातींना २०१० मध्येच खुल्या केल्या. इतकी वर्षं त्यांना बाहेर ठेवणं अन्यायाचंच होतं. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर स्पर्धेत निंबल या मिश्र जातीच्या कुत्रीनं या खेळाचं विजेतेपद पटकावलं. असा मान मिळवणारी मिश्र जातीची ती पहिलीच.

सरावाची सुरुवात घरीही होते. जमिनीलगत ठेवलेला बांबू, बक्षिसाला भाकरीचा तुकडा, एवढं पुरे. पिल्लाची हाडं पक्की होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्ष, उंच उड्या नकोत. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात सराव पहाटेच करा. तापलेल्या डांबरानं पंजे भाजतात. आणि कुत्र्याला रेबीजची लस आधी टोचून घ्या.