धारवाडचे जी. ए.

(जयपूरमधील राजा पार्क येथे माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



राजा पार्कात फाळणीनंतर पंजाब-सिंधकडची अनेक कुटुंबे येऊन स्थिरावली. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, हा या वस्तीचा जुनाच अनुभव आहे. येथील मराठी घरांनाही तो नवा नाही. अशा घरातल्या मुलाने मराठी वाचावे तरी कशासाठी, हा प्रश्न पालक वारंवार विचारतात. त्या प्रश्नाशेजारी गुरुनाथ आबाजी कुलकर्णी, म्हणजेच जी. ए., यांचे आयुष्य ठेवून पाहण्यासारखे आहे.

१० जुलै १९२३ हा त्यांचा जन्मदिवस. बालपण बेळगावकडे गेले. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. पुढे धारवाडच्या महाविद्यालयात त्यांनी सुमारे तीस वर्षे इंग्रजी शिकविले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव आणि धारवाड दोन्ही म्हैसूर राज्यात गेली. भोवताली कन्नड, वर्गात इंग्रजी, आणि लेखन मात्र मराठीत. पुण्यामुंबईच्या साहित्यवर्तुळापासून ते दूरच राहिले. सभासमारंभ त्यांनी कटाक्षाने टाळले. तरीही ‘निळासावळा’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२) आणि ‘रक्तचंदन’ (१९६६) या संग्रहांनी मराठी कथेचा पोत पालटला. सीमाभागातील घरे, तेथील दारिद्र्य, माणसाचे मुकाट भोगणे हे सारे त्यांच्या गद्यात अशा काही घनतेने उतरले, की तो प्रदेश न पाहिलेल्या वाचकालाही तो आपला वाटू लागला.

त्याच धारवाडात द. रा. बेंद्रे राहत होते. त्यांच्याही घरची भाषा मराठी. परंतु ते कन्नडचे महाकवी झाले. १९७३ साली बेंद्र्यांना ज्ञानपीठ आणि जी. एं.ना ‘काजळमाया’साठी साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. एकाच गावातील या दोघांत कोणाची निवड अधिक योग्य, हे विचारणेच व्यर्थ होय. दोघांनीही आपापली भाषा पुरती कमावली, एवढे खरे. पुढे ‘काजळमाया’च्या प्रकाशनवर्षावरून वाद निघाला, तेव्हा जी. एं.नी तो पुरस्कार परत केला. असा मानी लेखक विरळाच.

त्यांच्या उत्तरकालीन कथा अधिक गूढ झाल्या. ‘रमलखुणा’त तर ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा आहेत, आणि दोन्हींचा देशकाल कोणत्याही नकाशात सापडणारा नाही. ‘पिंगळावेळ’मधील ‘स्वामी’ मात्र कोणीही आधी वाचावी. एका वाटसरूला मठात नेले जाते, तेथे त्याला स्वामीपद देण्यात येते आणि मग जमिनीखालच्या खोलीत कायमचे ठेवले जाते. मानसन्मान सारा आहे. बाहेर जाण्याची वाट तेवढी नाही. त्या बंदिवासात तो एक वेल वाढवितो. हवेसाठी ठेवलेल्या मार्गाने ती वेल उजेडाकडे सरकत जाते. ही कथा निराशेची, असे काही जण म्हणतात. ते पटणे कठीण आहे. वेलीचा एकेक अंकुर ज्या ममतेने लिहिला आहे, ती ममता निराश मनाची नव्हे.

परभाषांशी त्यांचे नाते वैराचे नव्हते, हेही येथे नोंदवावयास हवे. अमेरिकन कादंबरीकार कॉनराड रिक्टर यांच्या कादंबऱ्या त्यांनी ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ अशा अस्सल नावांनी मराठीत आणल्या. सुनीता देशपांडे यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार तर मराठी गद्याचे स्वतंत्र दालनच आहे: कोणाला न भेटणारा हा माणूस पत्रांत किती मोकळा, किती मिस्कील होता, ते तेथे कळते.

अखेरच्या काळात ते पुण्यास आले. ११ डिसेंबर १९८७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

आता घरी काय वाचावयास द्यावे, असे पालक विचारतील. ‘काजळमाया’ लहानांसाठी नाही. तिची घाई नको. परंतु याच गंभीर लेखकाने मुलांसाठी ‘मुग्धाची रंगीत गोष्ट’ आणि ‘बखर बिम्मची’ लिहिली आहे. बिम्म हा अगदी लहान, अखंड प्रश्न विचारणारा मुलगा. रात्री निजताना त्याची बखर मोठ्याने वाचावी, आणि मूल मध्येच प्रश्न विचारू लागले तर पुस्तक खुशाल बाजूला ठेवावे.