परवान्याची मुदत आणि विद्यार्थ्याची जबाबदारी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलाला परदेशी शिकायला पाठवायचे ठरले की घरात प्रवेश, फी, कर्ज आणि तिकीट यांची चर्चा होते. विमान सुटले की आपल्याला वाटते, काम फत्ते झाले. परंतु तिकडे राहून शिकण्याचा जो परवाना मिळतो त्यावर एक तारीख असते, आणि अभ्यासक्रम त्या तारखेपूर्वी पुरा होईलच असे नाही. एखादा विषय राहतो, आजारपण येते, प्रबंध लांबतो. अशा वेळी मुदत कशी वाढवावी, याविषयी आज मी चार शब्द सांगणार आहे.

कळवा-मुंब्र्याच्या आपल्या वस्तीला परदेश नवा नाही. आखाती देशांत नोकरी केलेला माणूस पुष्कळ घरांत सापडेल, आणि इकामा हा शब्द तर आपल्या घरातील बायकापोरांनाही ठाऊक आहे. पण इकाम्याच्या अनुभवावरून विद्यार्थ्याच्या परवान्याचा हिशोब करू नका. सौदी अरेबियात कामगाराच्या इकाम्याचे नूतनीकरण ही मालकाची जबाबदारी असते. विद्यार्थ्याला असा कफील नसतो. कॉलेज पत्र देईल, सल्लाही देईल. परंतु तारीख लक्षात ठेवणे आणि अर्ज करणे हे काम त्याचे स्वतःचे आहे. आजच्या भाषणातून एवढी एकच गोष्ट तुम्ही घरी नेलीत तरी पुरे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. व्हिसा आणि परवाना या एकच गोष्टी नव्हेत. कॅनडाचे उदाहरण घ्या. तेथे पासपोर्टवरचा व्हिसा देशात शिरण्यासाठी असतो. राहून शिकण्यासाठी स्टडी परमिट हा वेगळा कागद असतो. परमिट वाढले म्हणून व्हिसा आपोआप वाढत नाही. शिवाय पासपोर्टची मुदत जेथे संपते त्यापुढे परमिट मिळत नाही. म्हणून जाण्यापूर्वीच पासपोर्टची तारीख पाहा.

कॅनडात मुदत संपण्यापूर्वी निदान ३० दिवस आधी ऑनलाइन अर्ज करावा, असे तेथील सरकारचे सांगणे आहे. अर्जासोबत पासपोर्ट, कॉलेजचे पत्र, गुणपत्रक आणि पैशाचा पुरावा लागतो. मुदतवाढ का हवी, हेही सरळ शब्दांत लिहावे. तारखेच्या आत अर्ज गेला तर निर्णय येईपर्यंत पूर्वीच्याच अटींवर, त्या देशात राहून, शिक्षण चालू ठेवता येते. तारीख उलटली, तर मात्र शिकणे आणि काम करणे दोन्ही थांबवावे लागते. मग हक्क परत मिळवण्याचा अर्ज ९० दिवसांच्या आत करावा लागतो, आणि तो मंजूर होईलच याची खात्री नसते. एका दिवसाच्या उशिराने केवढा फरक पडतो, हे यावरून ध्यानात येईल. ८ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेज बदलायचे असेल तरी नवे परमिट घ्यावे लागते, हेही विसरू नका.

अमेरिकेत आय-२० या कागदावरची अभ्यासक्रम संपण्याची तारीख महत्त्वाची. ती येण्यापूर्वी विद्यापीठाच्या नियुक्त अधिकाऱ्याकडून ती वाढवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी अभ्यासाचे किंवा आजारपणाचे सबळ कारण लागते. ब्रिटनमध्येही चालू व्हिसा संपण्यापूर्वीच अर्ज करावा लागतो. देश वेगळे, कागद वेगळे. पण "तारखेच्या आत" हा नियम सगळीकडे सारखा.

आता पैशाविषयी. आपल्याकडे पहिल्या वर्षाची रक्कम नातेवाइकांकडून गोळा करून बँकेत दाखवतात आणि पुढचे पुढे पाहू म्हणतात. मुदतवाढीच्या वेळी पैशाचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तेव्हा हिशोब शेवटच्या सत्रापर्यंतचा, आणि वर एका सत्राचा जादा, असा मांडावा.

एजंटावर सगळे सोपवणाऱ्यांसाठी एक सांगतो. २०२३ मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांचे प्रकरण गाजले. कागद एजंटाने दिले होते. पण देशाबाहेर जाण्याची पाळी आली ती विद्यार्थ्यांवर. एजंट पुढे तुरुंगात गेला, परंतु विद्यार्थ्यांची गेलेली वर्षे त्यामुळे परत आली नाहीत. अर्ज स्वतः वाचा, त्याची प्रत जवळ ठेवा.

मुदत संपल्यावर माणसाने काय करावे याचा उत्तम दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडनला आले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली व अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून, चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा साठवला, शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, आणि १९२० मध्ये, चार वर्षे भरण्याच्या आत, ते लंडनला परत गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. दार बंद होण्यापूर्वी ते पुन्हा उघडण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली होती, हे विसरू नका.

शेवटी पालकांना एक विनंती. मुदत बहुधा नियम ठाऊक नसल्याने चुकत नाही. ती लाजेने चुकते. मुलगा नापास होतो, आईने दागिने गहाण ठेवलेले त्याला आठवतात, आणि तो फोनवर "सर्व ठीक आहे" म्हणतो. महिने निघून जातात. म्हणून मुलगा किंवा मुलगी निघण्यापूर्वीच सांगून ठेवा की, "बेटा, विषय राहिला तरी चालेल, पण आमच्यापासून लपवू नकोस." परवान्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा आणि चार महिने आधी तुम्हीच विचारा. रागावणे पुढे केव्हाही करता येईल. अर्ज मात्र तारखेच्या आतच करावा लागतो.

आपली मुले जगात कोठेही शिकोत, शिक्षण पुरे करूनच घरी येवोत, अशी अल्लाहतआलापाशी दुआ मागतो आणि आपली रजा घेतो. खुदा हाफिज.